उदाहरण आहे, पण नियमात बसत नाही

सुभेदार,

तुमच्या खात्यावरून गटात मेसेज पडला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की ही तुमची वेळ नव्हे. तुम्ही लिहिणार पहाटे पाचला, चहाच्या आधी. मी सहाला उठून वाचणार आणि सातला उत्तर देणार. नऊ वर्षं हे वेळापत्रक आपण पाळलं. म्हणून मी चष्मा शोधून मेसेज नीट वाचला. ‘मी यांचा पुतण्या. काका आज पहाटे गेले. गटातल्या सगळ्यांना कळावं म्हणून लिहितोय.’ शेजारी तुमचा नेहमीचा फोटो, टोपी घातलेला, कुणाकडे तरी डोळे बारीक करून बघणारा. म्हणजे गेल्याची बातमी तुम्हीच देताय असं दिसत होतं.

खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. तुम्हाला ती चिन्हं आवडत नसत. ‘शब्द संपले की माणसं चित्रं काढतात,’ असं तुम्ही एकदा कुणाला तरी सुनावलं होतं. त्यामुळे मी काहीच टाकलं नाही. दोघांनी खासगीत विचारलं, मॅडम, तुम्हाला कळलं ना? कळलं होतं.

मला रडू आलं नाही. मी केलं ते असं, की आपला शेवटचा वाद शोधून काढला आणि खालपर्यंत वाचत गेले. शेवटचा शब्द माझा होता, आणि ते बघून मला बरं वाटलं. तुम्हाला जाऊन अर्धा दिवस झाला नव्हता आणि मी कोण जिंकलं ते बघत होते. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते याच्याशिवाय पुरं होत नाही.

तुमचा माझा संबंध काय, असं माझ्या बहिणीने त्या दिवशी विचारलं. मी म्हणाले, आम्ही भांडत असू. कशावर? तारांवर, बॅटऱ्यांवर, फोनच्या भोकांवर. तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं बघायला लोकांना हक्क आहे. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई, तुम्ही तोफखान्यात बिनतारी संच सांभाळून निवृत्त झालेले सुभेदार. मी सांगलीला, तुम्ही मेढ्याजवळच्या डोंगरात. नोकरी सुटल्यावर डोकं गंजू नये म्हणून मी ‘तार आणि बिनतार’ हा गट काढला, आणि दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही येऊन माझं पहिलं वाक्य खोडलंत.

विषय होता सगळ्या फोनांना चार्जिंगची एकच तार असावी का. मी लिहिलं होतं की प्रमाण फार लवकर ठरवलं तर सुधारणा थांबते. पंचवीस वर्षांपूर्वी एकच तार ठरवली असती तर आज आपण त्याच जाड तारेला लोंबकळत असतो. त्यावर पहाटे पाचला तुमचं उत्तर. वर बर्फात तुमच्या ठाण्यावर तीन कंपन्यांचे तीन संच होते, तिघांचे जोड वेगळे, आणि हवा तो जोड खाली तळावर राहिला होता. दोन दिवस तिन्ही संच मुके. शेवटी लिहिलं होतंत, ‘गड्या, लोंबकळायला तार तरी हाताशी असती.’

या ‘गड्या’वर लोक अजून हसतात. माझ्या खात्याचं नाव ‘सांगली एक्स्चेंज’. त्यावरून मी बाई की बाप्या हे कळायची सोय नव्हती, आणि मीही सांगितलं नव्हतं. दीड वर्ष तुम्ही मला गड्या म्हणून झोडपलंत. मग कुणीतरी मला मॅडम म्हणालं. दोन दिवस तुमचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आलं, ‘ताई, दीड वर्ष गड्या म्हणालो त्याबद्दल माफी असावी. मुद्दा मात्र मागे घेत नाही.’ मी त्या दिवशी पहिल्यांदा फोनकडे बघून मोठ्याने हसले. नवरा गेल्यानंतर माझ्या घरात हसण्याचा आवाज बरेच दिवस झाला नव्हता, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

दुसरं भांडण हेडफोनच्या भोकाचं. कंपन्यांनी फोनचं ते भोक काढून टाकलं आणि बिनतारी इअरफोन गळ्यात मारले, यावर तुम्ही तीन वर्षं लढलात. मी तुम्हाला भोकभक्त म्हणायची. तुम्ही म्हणायचात, बिनतारीत बॅटरी संपते, जोडणी तुटते, आवाज मागेपुढे होतो, आणि तारेत यातलं काही होत नाही. मी म्हणायची, जग पुढे जातंय, एक भोक घेऊन किती दिवस बसाल? तुमचा फोन जुनाच होता, भोकाचा. तुम्ही तो बदलत नव्हतात आणि आम्ही सगळे त्यावरून तुमची टर उडवत होतो. तुम्हीही उडवू देत होतात.

आता नियमाचं सांगते. कोल्हापूरकडचे एक गृहस्थ गटात आले आणि रोज स्वतःच्या फोनबद्दल रडू लागले. माझा तापतो, म्हणून ही कंपनीच वाईट. माझा हँग होतो, म्हणून हे सॉफ्टवेअरच टाकाऊ. मग दुसरा उठायचा, माझा तर छान चालतो. असं महिनाभर चाललं. वैतागून मी गटाच्या माथ्यावर नियम लावला. एकट्याचा अनुभव हा पुरावा नव्हे. मुद्दा मांडायचा तर तो सगळ्यांना लागू होईल असा मांडावा, स्वतःची रडगाणी गटात आणू नयेत. तुम्ही सगळ्यात आधी पाठिंबा दिलात. फौजेत अहवाल लिहिताना ऐकीव काय आणि पडताळलेलं काय ते वेगळं लिहावं लागतं, असं तुम्ही समजावून सांगितलंत. ‘स्वतःचं दुखणं अहवालात घालायचं नसतं,’ हे वाक्य तुमचंच होतं. मला इतकं आवडलं की मी ते नियमाखाली जोडून टाकलं.

आपण प्रत्यक्ष भेटलो एकदाच. पाच वर्षांपूर्वी, साताऱ्याच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये. मला कामासाठी साताऱ्याला यायचं होतं, तुम्ही मेढ्याहून खाली उतरलात. तुम्ही वहीत मुद्दे लिहून आणले होते. मी बोलत गेले, बाहेर गाड्यांची घोषणा चालू, कपबश्यांचा खडखडाट, आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला मान हलवत होतात. ‘व्हय, व्हय. बरोबर हाय तुमचं.’ बॅटरी काढता यावी की नाही, यावर दोन वर्षं अडून बसलेला माणूस दीड तासात सगळं मान्य करून गेला. मी गाडीत बसले ती विजयी मुद्रेने. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तुम्ही मी बोललेल्यातलं एकही वाक्य विचारात न घेता पुन्हा पहिल्यापासून सगळं खोडून काढलंत.

मला राग आला. समोर मान हलवायची आणि घरी जाऊन कापायचं, ही काय रीत झाली? मी तुम्हाला तसं खासगीत लिहिलंही. तुमचं उत्तर एवढंच होतं, ‘ताई, मी समोरासमोर कच्चा आहे. मला लिहिलेलंच समजतं.’ मी ते विनयाचं समजले. फोन करा म्हटलं की तुम्ही म्हणायचात, ‘बोलण्याचा पुरावा राहत नाही, लिहा.’ तेही मला तत्त्वाचं वाटलं. उलट मी इतरांना तुमचा दाखला द्यायची, बघा, माणूस किती काटेकोर आहे.

फोन तुम्ही एकदाच केलात, दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी. नाव बघून मला वाटलं काहीतरी बरंवाईट झालं. ‘ताई, मी सुभेदार बोलतोय. तुमचा आवाज लय स्वच्छ येतोय बगा.’ मी म्हणाले, येणारच, आता आवाज पूर्वीच्या पद्धतीने जात नाही, डेटासारखा जातो, आणि मग मी जे सुरू झाले ते वीस मिनिटं. जुनं एक्स्चेंज कसं होतं, आता काय बदललं, हे प्रमाण कुणी ठरवलं, त्यात खोट कुठे आहे. मध्ये मला वाटलं तुम्ही ठेवला की काय, म्हणून विचारलं, आहात ना? तुम्ही म्हणालात, ‘हाय की. बोला तुमी, ऐकतोय मी.’ शेवटी मी दमून थांबले. तुम्ही एकही मुद्दा खोडला नाहीत. मला जरा चुकल्यासारखं वाटलं, आणि फोन का केला होतात ते विचारायचं राहिलं.

आता शेवटच्या वादाकडे येते. या वर्षीच्या उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठं भगदाड सापडलं होतं आणि ते बुजवायला नवीन आवृत्ती आली होती. मी गटात लिहिलं, सर्वांनी आजच्या आज अपडेट करा, आणि खाली मुद्दाम टाकलं, ‘सुभेदार, तुम्हीसुद्धा. तुमचा जुना रणगाडा सगळ्यात आधी.’ दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तुमचे दोन शब्द आले. ‘आदेश पाळला.’

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुम्ही नवा विषय काढलात. नवीन आवृत्ती आल्यावर जुन्या आवृत्तीवर चालणारी वस्तू बंद पडली, तर जबाबदार कोण? फोनवाला, वस्तूवाला, की प्रमाण ठरवणारा? आणि जोपर्यंत जुनी वस्तू चालू आहे तोपर्यंत नव्याने तिचा हात सोडू नये, असं प्रमाणातच लिहिलेलं असावं की नाही? तुम्ही चांगलं लिहिलं होतंत. मी आता पुन्हा वाचलं, फारच चांगलं लिहिलं होतंत. पण तेव्हा मी नुसती तुटून पडले. जुन्याला किती दिवस पोसायचं? प्रत्येक जुन्या वस्तूसाठी एक खिडकी उघडी ठेवली तर चोर त्याच खिडकीतून येतो. ज्याला जुनं वापरायचं आहे त्याने ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही चार दिवस टिकून राहिलात. पाचव्या दिवशी मी लिहिलं, ‘सुभेदार, हे सगळं हवेतलं आहे. एक तरी धड उदाहरण द्या.’

तुम्ही लिहिलंत, ‘उदाहरण आहे, पण नियमात बसत नाही.’

मी लिहिलं, ‘मग वाद संपला.’

हाच तो माझा शेवटचा शब्द. त्यावर पुष्कळ लाईक आहेत, अजून दिसतात. त्यानंतर तुम्ही इतर विषयांवर लिहीत राहिलात, पाचलाच, पण या विषयाला परत हात घातला नाहीत. मला वाटलं, पटलं असेल.

तेरावं झाल्यावर मी तुमच्या घरी गेले. साताऱ्याला गाडी बदलली, मेढ्याच्या अलीकडे उतरले आणि विचारत विचारत चढ चढून आले. वहिनी दारातच बसल्या होत्या. मी नाव सांगितलं.

“तुमीच व्हय सांगलीच्या?” वहिनी म्हणाल्या. “या की. लय लांबनं आलाय.” मग मला पाणी देता देता म्हणाल्या, “तुमच्याशी भांडाण लागलं की चहा गार व्हायचा त्येंचा. मी म्हणायची, आवं, ती बाई उठून कामाला लागली आसंल, तुमीबी उठा. तर म्हणायचं, न्हाई, ती लिहितीया, हितं टिंबं हालत्यात बग.”

त्या फार मोठ्याने बोलत होत्या. शेजारच्या घरातून कुणी डोकावून गेलं. त्यांच्या ते लक्षात आलं. “राग मानू नका ताई. मोठ्यानं बोलायची सवय लागलीया. त्येंना ऐकू यायचं न्हाई न्हवं.”

मी विचारलं, “कधीपासून?”

“तोफांपासनं,” त्या म्हणाल्या. “एक कान लग्नाआदीच गेलावता. दुसरा नोकरी सुटताना.”

सुभेदार, मी तिथे बसल्या बसल्या नऊ वर्षं उलटी वाचली. भोकाचं भांडण. तारेचा इअरफोन कानात घट्ट बसवून आवाज शेवटपर्यंत वाढवला की तुम्हाला थोडंफार ऐकू येत असणार, म्हणून ते भोक. साताऱ्याचं कँटीन. तुम्ही मान हलवत होतात, कारण माझ्या बोलण्यातलं काहीच तुमच्यापर्यंत येत नव्हतं, आणि समोरच्या बाईला परत परत ‘काय?’ असं विचारणं तुम्हाला जमत नव्हतं. मला लिहिलेलंच समजतं, असं तुम्ही मला सरळ सांगितलं होतंत. मी ते वाचलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं.

वहिनींनी आतून एक लहान डबी आणली. त्यात ऐकू येण्याची कानातली मशीनं, मक्याच्या दाण्याएवढी दोन. “पोरीनं पुण्याहनं करून दिलं, नात झाली तवा. फोन आला की थेट ह्येच्यात ऐकू यायचा. लावलं त्या दिशी पयला फोन पुण्याला केला, अन् दुसरा तुमाला.”

मी एक मशीन तळहातावर घेऊन बघितलं. बोलण्यासारखं त्या दुपारी फोनवर वीस मिनिटं बोलून झालं होतं.

“मग फोनमदी कायतरी नवं भरलं,” वहिनी सांगत होत्या, “अन् मशीन मुकं झालं. म्हंजी नुसता भांड्याचा खणखणाट ऐकू यायचा, माणसाचं बोलणं न्हाई. साताऱ्याला दुकानात दावलं. तो म्हणला, ह्ये जुनं झालं, आता नवं घ्या. ह्ये म्हणलं, मशीन चांगलं हाय, चांगलं मशीन टाकायचं न्हाई.”

तुमचा फोन उशाशीच होता. त्याला कुलूप नव्हतं. फोनच्या सुरक्षेवर मी गटात इतकं लिहिलं आणि तुम्ही साधा आकडासुद्धा लावला नव्हता. मशीनचं ॲप उघडलं तर एक ओळ आली, या आवृत्तीवर हे ॲप चालत नाही. त्या मशीनला बटण नाही. आवाज कमीजास्त करायचा तो ॲपमधूनच. रोज सकाळी मशीन चालू होतं ते अगदी सुरुवातीच्या हलक्या आवाजावर, आणि तुमचे कान त्यापुढे गेलेले. तुम्ही रोज सकाळी ॲप उघडून आवाज वर चढवत असाल. ॲप बंद, आवाज तिथेच. फोनवरचं बोलणं थेट कानात यायचं तेही बंद. मशीनमध्ये बिघाड कसलाच नव्हता. त्याला फक्त जुन्या आवृत्तीचा एखादा फोन जोडायला हवा होता, कुठलाही.

मी वहिनींना विचारलं, त्यांनी मला का नाही सांगितलं? हे विचारताना माझा आवाज चढला होता. त्यांना ते ओळखीचंच वाटलं असावं.

“मी म्हणलं की. त्या सांगलीच्या ताईंना इचारा, त्यांना समदं येतंय. तर म्हणलं, त्येंनीच भरायला लावलंय, आता कळलं तर त्येंना वाईट वाटंल. अन् त्यांचा कसला तरी नियम हाय म्हणं.”

या दोन कारणांतलं खरं कोणतं, यावर मी तेव्हापासून विचार करते आहे. नियम हे कारण असेल तर मला समजतं. तुम्ही फौजी, स्वतःचं दुखणं अहवालात घालणार नाही. मी तुमच्यावर चिडू शकते. अहो, गटात नका घालू, मला खासगीत एक ओळ लिहायला कोणी अडवलं होतं? हा तुमचा हट्ट होता आणि तो चुकीचा होता, आणि तुम्ही समोर असता तर मी हे तुमच्या तोंडावर, म्हणजे लिहून, सांगितलं असतं. पण दुसरं कारण खरं असेल तर मला काय करावं ते कळत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही आठ महिने ऐकलं नाहीत. नात त्या आठ महिन्यांत बोलायला शिकली. वहिनी सांगत होत्या, व्हिडिओवर तुम्ही तिचे ओठ बघत बसायचात आणि मान हलवत राहायचात.

ती मान मी पाहिलेली आहे.

आता माझं एक सांगते, जे मी गटात नऊ वर्षांत सांगितलं नाही. माझ्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात, तीन जुने फोन आहेत. तिन्ही चालू. महिन्यातून एकदा मी ते काढते, चार्ज करते, पुसते आणि परत ठेवते. त्यातल्या एकात भोकसुद्धा आहे. जुन्या वस्तू टाकवत नाहीत मला, पूर्वीपासून. एक्स्चेंजमधून मोडीत निघालेला काळा डायलचा टेलिफोनही आहे. पण जग पुढे जातंय असं गटात लिहिणाऱ्या बाईच्या कपाटात हे सापडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी बोलले नाही. तुम्हाला हे ठाऊक असतं तर तुम्ही माझी नऊ वर्षं टर उडवली असती, आणि या उन्हाळ्यात एक ओळ लिहून त्यातला एक फोन मागितला असता. मी सकाळच्या पहिल्या गाडीने घेऊन आले असते. तिथे पडवीत बसून जोडून दिला असता. चार मिनिटांचं काम. माझ्यासारख्या बाईने मोठेपणासाठी काय लपवावं, तर जुने फोन. याची मला शरम वाटते.

मी निघताना वहिनींनी डबी माझ्या हातात ठेवली. कुणाच्या उपयोगी पडत असलं तर बघा म्हणाल्या. मी नको म्हणाले, तुम्हीच ठेवा. मग चढ उतरताना वाटलं घ्यायला हवी होती, पण परत वर गेले नाही.

सांगलीला आल्यावर दोन दिवसांनी मी गटात लिहिलं. तुमचा तो जुना विषय वर काढला आणि त्याखाली तुमचं उदाहरण घातलं. नाव न घेता लिहिता आलं असतं, पण घेतलं. वहिनींना विचारून घेतलं. मशीन, ॲप, माझा आदेश, आठ महिने, सगळं. कपाटातले तीन फोनही लिहिले. शेवटी लिहिलं की या वादात सुभेदार बरोबर होते आणि मी चूक होते.

पाटणचा अनिकेत आठवतो ना, इंजिनिअरिंगचा, जो एकट्याने खिंड लढवता म्हणून तुम्हाला बाजी म्हणायचा आणि मला भ्यायचा? त्याने पाच मिनिटांत उत्तर दिलं. ‘मॅडम, वाचून फार वाईट वाटलं. पण राग मानू नका, तत्त्व म्हणून विचारतो. हा एकट्याचा अनुभव आहे. यावरून सगळं प्रमाण चुकीचं कसं ठरेल?’ पोराचं काही चुकलं नाही. मीच शिकवलं आहे. मी गटाच्या माथ्यावर गेले आणि नियमाखाली एक वाक्य वाढवलं, एकट्याचा अनुभव पुरावा नसला तरी तो आधी ऐकून घ्यावा. तुमचं ते दुखण्याचं वाक्य काढून टाकलं. तुमची परवानगी घ्यायची सोय नव्हती.

त्यावर आता गटात दोन तट पडले आहेत. काही म्हणतात मॅडम भावनेच्या भरात मुद्दा सोडतायत. काही म्हणतात सुभेदारांना न्याय मिळाला. दोन्ही ऐकून मला कंटाळा येतो. न्यायबिय काही मिळालेला नाही. एका माणसाला माणसांचं बोलणं ऐकू येणं बंद झालं आणि ज्या बाईला ते चार मिनिटांत सुरू करता आलं असतं, ती सांगलीत बसून त्याला हवेतलं बोलू नका म्हणत होती. यात प्रमाणाचा दोष किती, कंपनीचा किती, तुमचा किती आणि माझा किती, हे कुणीतरी नीट मांडायला हवं. असलं मांडणं तुमचं काम होतं.

तुम्ही नक्की माझ्याविरुद्ध लिहिलं असतंत. ताई, तुम्ही उगीच सगळं स्वतःवर ओढून घेताय, त्यात खरा दोषी सुटतो, असं काहीतरी. आणि मग मुद्देसूद, एकामागून एक, मला उत्तर सुचणार नाही असं. गेले चार दिवस मी पहाटे पाचला उठून तुमच्या बाजूचं ते उत्तर लिहून बघते आहे. दोन ओळी होतात आणि तिसरीला माझाच आवाज येतो. मग मी ते खोडते. तुम्हाला समोर ठेवून नऊ वर्षं मी जिंकायला बसत होते, सुभेदार. या वेळी मला तुमच्याकडून हरायचं होतं.